डोळ्यापासून मक्खीपर्यंत

१२ ऑगस्ट

दर्शनाचा हुकूम आहे की प्रत्येकाने वही ठेवायची. किती गुण झाले, काय चुकलं, का चुकलं, सगळं लिहायचं. दर्शना म्हणजे आमची कोच. गोरेगावात एका शाळेच्या तळघरातल्या हॉलमध्ये एअर पिस्तूल शिकवते. तिचं वय अठ्ठावीस, माझं बासष्ट, आणि मला ती 'काका, खांदा पाडा' असं ज्या आवाजात सांगते त्या आवाजात मला शाळेतसुद्धा कोणी बोललं नव्हतं.

वही मला नवी नाही. चौतीस वर्षं मी कॅमेरा रिपोर्ट लिहिले. मी फोकस पुलर होतो. हे काम लोकांना माहीत नसतं. नट चालत पुढे येतो, मागे जातो, तरी पडद्यावर त्याचे डोळे स्पष्ट दिसत राहतात. ते आपोआप होत नाही. कॅमेऱ्याच्या बाजूला एक माणूस अंतराचा अंदाज घेत लेन्सचं चाक फिरवत उभा असतो. तो मी.

दोन वर्षांपूर्वी एका मालिकेच्या सेटवर माझे ओळीने तीन शॉट धूसर गेले. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसराच माणूस उभा होता आणि मला सगळे 'दादा, चहा घ्या' म्हणत होते. तेव्हापासून मी जोगेश्वरीला घरी आहे.

क्लबमध्ये नाव कुंदाने घातलं. माझी बायको. दर्शनाच्या आईचे ब्लाउज ती शिवायची, तिथून तिला कळलं. म्हणाली, "जावा तिकडे. दिवसभर पंख्याकडे बघत पडता. पंख्याला पण कंटाळा येत असेल तुमचा."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी क्लबची स्पर्धा आहे. चाळीस छर्रे, चारशे गुण. नवशिक्याने तीनशे केले की दर्शना त्याचं नाव पुढे जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवते. जिल्ह्याला जाऊन मी काय दिवे लावणार, पण तीनशे मला हवेत. माझे डोळे अजून कामाचे आहेत हे एकदा कागदावर बघायचं आहे.

१९ ऑगस्ट

वाट लागली. दहा छर्रे, सत्तेचाळीस गुण. तीन छर्रे कागदालाच लागले नाहीत.

दहा मीटरवर कागद टांगलेला असतो, मध्ये चहाच्या कपाच्या तोंडाएवढं काळं वर्तुळ. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला एक छोटा खुंटा आणि मागे एक खाच. खुंटा खाचेच्या बरोबर मध्ये आला पाहिजे, दोघांची डोकी एका ओळीत. या खुंट्याला दर्शना मक्खी म्हणते. तिचे वडील पोलिसात होते, त्यांचा शब्द.

"काका, काय बघताय तुम्ही?"

"टार्गेट."

"तिथेच लोच्या आहे ना. मक्खी क्लिअर पाहिजे. टार्गेट धूसर."

"अगं, ज्याला मारायचं तेच धूसर ठेवू?"

"हो. मक्खी वाकडी झाली तर टार्गेट कितीही छान दिसू दे, छर्रा जाणार भिंतीत."

चौतीस वर्षं मी हिरो स्पष्ट ठेवला आणि त्याच्या अलीकडच्या फुलदाण्या, दिवे, गर्दीतली माणसं सगळी धूसर करून टाकली. आता ही मुलगी सांगते, हिरोला सोडा आणि फुलदाणीला धरा. हात ऐकतो, डोळा ऐकत नाही. जरा श्वास धरला की पळतच जातो काळ्या वर्तुळाकडे.

३० ऑगस्ट

आमचा दीड दिवसाचा गणपती परवा गेला. यंदा कुंदाने हार ओवला नाही, शेजारच्या जानकीला बसवलं. पाठ धरली आहे म्हणते. शिवणाच्या मशीनवर उन्हाळ्यापासून चादर आहे तीही पाठीमुळेच. डॉक्टरला दाखव म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही तुमचं पिस्तूल बघा."

एका मोदकात सारणच नव्हतं. तो नेमका माझ्या ताटात आला. मी खूप हसलो. ती हसली नाही, तेव्हा मला वाटलं, उगाच हसलो.

१७ सप्टेंबर

पिस्तूल घरी आणता येत नाही, म्हणून खलबत्त्याचा बत्ता घेतो. कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, हात सरळ, साठपर्यंत मोजायचं. आधी वीसला हात थरथरायचा, आता पंचेचाळीसला थरथरतो.

आज सकाळी बत्ता धरून उभा असताना कुंदा आतून ओरडली, "शीळ घालू नका हो. दूध वर येताना ऐकू येत नाही मला."

दूध ऐकायचं कधीपासून झालं? पूर्वी बघायची. तिची नवीन नवीन खुळं निघतात. मिठाच्या बरणीला रबर लावून ठेवलंय. बरणी गळत नाही, मुंग्या मिठाला येत नाहीत, मग रबर कशाला? एवढं करून आमटीत मीठ परवा दोनदा पडलं ते पडलंच. मांदेली तर आणूच देत नाही, काटे काढायचा कंटाळा म्हणे. मालवणात जन्मलेल्या बाईला मांदेलीचा कंटाळा!

पण एक बरं झालंय. सकाळी पेपर मी मोठ्याने वाचतो आणि ती ऐकते. "तुमच्या आवाजात ऐकायला बरं वाटतं," म्हणाली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या आवाजाचं कौतुक झालं. मी आता छोट्या जाहिरातीसुद्धा सोडत नाही.

५ ऑक्टोबर

चाळीस छर्रे, दोनशे अडुसष्ट!

दर्शनाने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, डावा डोळा मिटायचा नाही, मिटला की उजव्यावर ताण येतो. चष्म्याच्या डाव्या काचेपुढे पुठ्ठ्याचा तुकडा लावायचा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. दुसरी, फार वेळ नेम धरायचा नाही. आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर हात खाली. म्हाताऱ्या डोळ्यासमोर तेवढ्यात सगळं विरघळायला लागतं. ती 'म्हाताऱ्या' म्हणाली नाही, 'सीनियर' म्हणाली. अर्थ मला कळला.

कागद घरी आणतो तो कुंदाला दाखवायला. तिची बघायची पद्धत मला फार आवडते. कागद मांडीवर घेते आणि एकेका भोकावरून बोट फिरवते, सावकाश, ब्लाउजची शिवण तपासावी तसं. मग सांगते, "आज डावीकडे जास्त गेलेत. खाली पण दोन." आणि बरोबर असतं! माझ्या कागदावरून एवढ्या मायेने कोणी हात फिरवेल असं वाटलं नव्हतं. नंतर विचारते, "किती झाले?" वास्तविक दर्शना कोपऱ्यात लाल पेनने मोठा आकडा टाकते. पण माझ्या तोंडून ऐकायचं असतं तिला.

२६ ऑक्टोबर

दोनशे सत्तरच्या वर गाडी जाईना. दर्शनाने आज माझी मान पकडली. माझा चष्मा वर लांबचा, खाली जवळचा. मक्खी दिसावी म्हणून मी हनुवटी वर करतो, मग मान वाकडी, मग हात वाकडा.

"काका, छतावरची पाल मारायचीय का? नेमबाजीचा वेगळा चष्मा करून घ्या."

तिथून सरळ स्टेशनजवळ धम्मपालच्या दुकानात गेलो. धम्मपाल बुलढाण्याकडचा, वीस वर्षं आमचे चष्मे तोच करतो. त्याला गंमत वाटली. म्हणाला, "एकच अंतर, एकच नंबर. डोळ्यापासून मक्खीपर्यंत किती सेंटिमीटर, तेवढं नीट मोजून सांगा. त्या अंतराला काच बांधतो. मग पुढचं थोडं धूसर दिसेल, दिसू द्या. फक्त तो घालून रस्ता ओलांडू नका, काका."

निघताना म्हणाला, "काकींचा नंबर बघून तीन वर्षं झाली. त्यांना पण आणा."

घरी सांगितलं. कुंदा म्हणाली, "माझं काय बिघडलंय? तुमचा चष्मा होऊ दे आधी."

२ नोव्हेंबर

आज मोजमाप. कुंदाला मुद्दाम क्लबमध्ये नेलं. दर्शना मोजते म्हणाली, पण मी ऐकलं नाही. सेटवर लेन्सपासून नटाच्या डोळ्यापर्यंत टेपने अंतर मोजायचं असतं; त्या टेपचं टोक दुसऱ्याच्या माणसाला मी कधी धरू दिलं नाही. माझा असिस्टंट मी निवडणार, आणि अख्खं आयुष्य ब्लाउजांची मापं घेतलेल्या बाईपेक्षा बरा असिस्टंट कुठे मिळणार?

तळघराच्या शेवटच्या पायरीवर ती अडखळली आणि माझा दंड घट्ट धरला. दर्शना म्हणाली, "वा काकी, प्रेम उतू चाललंय!" खरंच आहे. हल्ली रस्त्यातसुद्धा माझा दंड सोडत नाही. लग्न झालं तेव्हा चार हात लांब चालायची.

मी पिस्तूल धरून उभा राहिलो, मान सरळ, नजर मक्खीवर. मी हलायचं नाही म्हणजे आकडा तिनेच वाचायचा. तिने शिवणाचा टेप माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून नळीच्या टोकापर्यंत ताणला. दुसऱ्या हाताचा अंगठा मक्खीपाशी दाबून धरला. टेप नाकाजवळ नेला, जरा लांब नेला.

"अडुसष्ट," म्हणाली.

मी तसंच वहीत लिहिलं आणि संध्याकाळी धम्मपालला कळवलं.

२९ नोव्हेंबर

चष्मा आला. घालून क्लबवर गेलो. काळं वर्तुळ धूसर, ते ठीकच. पण मक्खीही कापूस लावल्यासारखी. चाळीस छर्रे, दोनशे चव्वेचाळीस. जुन्या चष्म्यापेक्षा वाईट.

कुंदा म्हणाली, "नव्या चष्म्याची सवय व्हायला चार दिवस लागतात." दर्शना म्हणाली, स्पर्धेला आठ दिवस राहिलेत, जुन्यावर परत जा. मी कुंदाचं ऐकलं.

७ डिसेंबर

दोनशे एकतीस.

काय चुकलं: सगळं. का चुकलं: माहीत नाही. मक्खी एकदाही नीट दिसली नाही. शेवटच्या दहांत तर मी नुसता अंदाजाने घोडा दाबत होतो.

कुंदा मागच्या बाकावर बसली होती. दर दहा छर्ऱ्यांनंतर टाळ्या वाजवायची. शेवटी वळून पाहिलं तर ती माझ्याकडे नाही, पलीकडे उभ्या बोरिवलीच्या एका गृहस्थांकडे बघून टाळ्या वाजवत होती. त्यांचाही शर्ट निळा होता. एरवी मी हसलो असतो. आज फार राग आला. एवढ्या दिवसांत नवरा कुठे उभा राहतो तेवढंही कळू नये?

 रिक्षात तिने माझा दंड धरला होता, मी तो सोडवून घेतला.

८ डिसेंबर

हे आज सगळं लिहून काढतो, नाहीतर माझं डोकं जागेवर येणार नाही.

सकाळी धम्मपालच्या दुकानात जाऊन भांडलो. दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर. म्हटलं, तुझ्या काचेने माझी स्पर्धा घालवली. त्याने काच मशीनवर लावली आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

"काका, तुम्ही अडुसष्ट सांगितले. मी अडुसष्टचीच काच केलीय."

मग त्याने एक पट्टी माझ्या हातात दिली, पिस्तुलाएवढी पुढे काढून धरायला लावली आणि स्वतः मोजलं. अठ्ठ्याण्णव. दोनदा मोजलं. अठ्ठ्याण्णव. एवढ्या फरकाने काचेचा नंबर चढतो म्हणाला, मक्खी स्पष्ट दिसणारच नाही.

"मोजलं कोणी होतं?"

"कुंदाने."

माझ्याकडे बघतच त्याने पट्टी परत घेतली. 

अडुसष्ट सेंटिमीटर म्हणजे सव्वादोन फूट. माझा नुसता हातच सव्वादोन फुटांचा आहे, पुढे पिस्तूल वेगळं. मी खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला उभ्या माणसाचं अंतर इंचावर सांगणारा माणूस. तिने फुटात सांगितलं असतं तर त्याच क्षणी मी म्हटलं असतं, अगं काहीतरीच काय. मी आकडा नुसता उतरवून घेतला. तो वाचताना ती टेप जवळ नेते, लांब नेते, हे माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी ते या वहीत लिहूनसुद्धा ठेवलं.

दुकानाबाहेर येऊन कठड्यावर बसलो आणि वही पहिल्यापासून वाचली. हार. मशीनवरची चादर. दूध. रबर. मांदेली. पेपर. कागदावरचं बोट. पायरी. टाळ्या. सगळं माझ्याच अक्षरात. माझ्यासारखा मूर्ख मी सेटवरसुद्धा पाहिला नाही.

घरी गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती, परातीत बोटं फिरवत. सरळ विचारायचं धाडस झालं नाही. एक कोरा कागद काढला, टार्गेटचा, आणि वरच्या पांढऱ्या जागेत पेनने लिहिलं: 'आमटीत मीठ दोनदा पडतं.' आणि तिच्या मांडीवर ठेवला.

तिने बोट फिरवलं. वरून खाली, मग कडेकडेने, मग पाठीमागून.

"एकसुद्धा भोक नाही," म्हणाली. "आज काय हवेत मारलेत?"

 मी तिच्याजवळ खाली बसलो. तिचं बोट धरून पेनाच्या ओळीवर ठेवलं आणि म्हटलं, इथे लिहिलंय; तेव्हा तिला कळलं. ती कागद तसाच धरून राहिली.

"माका नीट दिसणा नाय हो," म्हणाली. एवढ्या वर्षांनीही घाबरली की तिच्या तोंडून अशी गावची बोली येते.

"कधीपासून?"

"शिमग्यापासून. धुकं असल्यासारखं. उजव्यात जास्त."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

मग सगळं बाहेर आलं. तिच्या आईच्या डोळ्याचं गावाला ऑपरेशन झालं होतं, ती पट्टी सुटली तरी तिला दिसलं नाही. त्याची भीती. आणि दुसरं म्हणाली, "तुम्ही दोन वर्षांनी शीळ घालायला लागलात. म्हटलं, डिसेंबर होऊ दे. माझ्या डोळ्यांचं निघालं तर तुम्ही पिस्तूल सोडून परत पंख्याखाली बसाल."

"आणि अडुसष्ट?"

"आकडा दिसलाच नाही. पण तुम्ही एवढ्या तोऱ्यात म्हणालात, माझा असिस्टंट. कसं सांगू, दिसत नाही म्हणून? जे वाटलं ते बोलले." मग हळूच म्हणाली, "माझ्यामुळे गेले तुमचे तीनशे."

मी तिला जवळ घेतलं. काल रिक्षात सोडवून घेतलेला हात मला सारखा आठवत होता.

१० डिसेंबर

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पूर्ण पिकलेला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, मागचा पडदा चांगला आहे, दिसेल, घाबरू नका. कुंदा घाबरली नाही, मीच तीनदा विचारलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अहो, त्या बाईंना वाटलं ऑपरेशन तुमचंच आहे."

धम्मपालकडे जाऊन माफी मागितली. चहा त्याने पाजला.

२३ डिसेंबर

उजव्या डोळ्याचं झालं. आत न्यायच्या आधी माझा हात दाबून म्हणाली, "बाहेर शीळ घाला. ऐकू येऊ दे मला." दवाखान्यात शीळ कोण घालू देतं? दारातल्या सिस्टरने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो. मग हळू आवाजात घातली. तिच्यापर्यंत पोचली की नाही माहीत नाही.

२४ डिसेंबर

पट्टी काढली. मी समोर उभा होतो, श्वास धरून. दर्शना म्हणते आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. आज किती धरला कोण जाणे.

तिने आधी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, वरपासून खालपर्यंत. अंगात स्पर्धेच्या दिवशीचाच शर्ट होता, आणि चुकलेल्या टाळ्यांचं मी तिला सांगितलं होतं.

"हा शर्ट निळा आहे होय? मग त्या बोरिवलीवाल्यांचा कुठला होता?"

डॉक्टरीण बाईंना काही कळलं नाही. मी रडलो, सरळ रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

१ फेब्रुवारी

अठ्ठ्याण्णवची काच लावून पहिल्यांदा चाळीस छर्रे. मक्खी काळीकुळकुळीत, कडा कापून ठेवल्यासारख्या. दोनशे शहाण्णव. दर्शना म्हणाली, "काका, तीनशेला फक्त चार पॉइंट कमी! एप्रिलच्या स्पर्धेत झकास होणार." कुंदाचा दुसरा डोळा गेल्या महिन्यात झाला. कागद घरी नेला तर तिने हातात धरून पाहिला आणि म्हणाली, "एवढंसं असतं वर्तुळ? मला वाटायचं बशीएवढं असेल. मग बरं मारता की." पण बोट फिरवलंच एकदा. सवय, म्हणाली.

८ मार्च

धम्मपाल कुंदाला आता जवळचा चष्मा करतो आहे. त्याने विचारलं, मशीनवर बसल्यावर डोळ्यापासून सुई किती लांब? मोजून आणा.

मशीनवरची चादर काढली. ती बसली, पाठ ताठ. पाठीला कधी काही झालंच नव्हतं. मी तोच शिवणाचा टेप घेतला आणि टोक तिच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी धरलं.

"डोळ्यात घालाल."

"चौतीस वर्षांत कोणाच्या घातलं नाही."

"कोणाकोणाच्या डोळ्यांजवळ हात नेलात एवढी वर्षं?"

"नावं सांगू?"

"गप रवा."

किती नट्यांच्या डोळ्यांपर्यंत मी टेप धरला याची मोजदाद नाही. कुंदाच्या डोळ्यापर्यंत आज पहिल्यांदा. 

सुईपाशी टेपवर अंगठ्याच्या नखाने खूण केली आणि वाचायला वाकलो, तेवढ्यात तिने टेप माझ्या हातातून ओढून घेतला.

"थांबा. मी वाचते."

हात लांब केला, डोळे बारीक केले, माझ्या अंगठ्याच्या खुणेपाशी बघत राहिली. 

"एक्केचाळीस," म्हणाली.

मग मी पाहिलं. एक्केचाळीसच होते.